पाय धुण्याचा गुरुवार

आमच्या चर्चच्या बेघर-सेवा समितीचे अध्यक्ष स्वतःच बेघर आहेत, ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. एक खुद्द अध्यक्ष, आणि दुसरी बस डेपोच्या बाकावर झोपणारी महाराणी. प्रभूला धरलं तर तिघांना. पण तो काही समितीच्या बैठकींना येत नसे.

अध्यक्ष म्हणजे आमचे घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करायचा धंदा. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला, आणि उपासना जरा लांबली की पहिल्या बाकावरून ते मनगट कानाला लावून पाळकसाहेबांकडे बघत बसायचे. बायको केव्हाच देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. खाली दुकान, वर खोली, असा जन्मभराचा भाड्याचा संसार. मग एक दिवस मालकाने इमारत पाडायला काढली. "नवी उभी राहिली की पहिली किल्ली तुम्हालाच, काका," असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पाडण्याचं काम झकास झालं. उभं करायचं तेवढं राहून गेलं.

चष्मेवाल्याने आपल्या दुकानात त्यांचं टेबल लावू दिलं. पण टेबलावर माणूस झोपू शकत नाही.

"आता राहता कुठे?" लोकांनी विचारलं.

"भाचीकडे," काका म्हणाले.

गेले होते खरे भाचीकडे. पण दोन खोल्या, तीन पोरं, आणि जावई रात्रपाळीचा. त्याला दिवसा झोपायचं असायचं आणि पोरांना दिवसाच बोंबलायचं असायचं. मध्ये काका म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. काकांनी भाचीला सांगितलं, "चर्चने माझी सोय केली." चर्चला सांगितलं, "भाचीने केली." आणि या दोन सोयींच्या बरोबर मधोमध, चर्चच्या मागच्या सामानखोलीत, गरिबांसाठी आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगावर पथारी पसरली.

सरळ सांगून टाकायला काय झालं होतं? झालं होतं ते भाषण. मागे एका वार्षिक सभेत काका बोलून गेले होते, "ज्याला वेळेचं नियोजन जमतं, तो माणूस कधी रस्त्यावर येत नाही." टाळ्या पडल्या. उत्साही मंडळींनी ते वाक्य रंगवून घेतलं, आणि कुठे लावलं? सामानखोलीच्या दारावर. रोज संध्याकाळी काका इकडेतिकडे बघायचे, आपलंच वाक्य ढकलायचे आणि आत शिरायचे.

वर आणखी गंमत अशी, की लपून राहण्याने त्यांची कीर्तीच वाढायला लागली. आमच्या गायनमंडळाच्या संगीतबाई एकदा भल्या पहाटे कपड्यांची गाठोडी बांधायला आल्या, तर काका आधीच आत.

"अगंबाई! काका, तुम्ही माझ्याही आधी?"

"सेवा म्हटलं की झोप लागत नाही हो," काका केसातला लोकरीचा धागा काढत म्हणाले.

बाईंचे डोळे पाणावले. मग त्यांचं लक्ष काकांच्या अंगाकडे गेलं. "हा... हा तर आमच्या ह्यांचा कोट!"

"देण्याआधी तपासत होतो. गरिबाला थंडी वाजता कामा नये."

"आणि वाजते का?"

"पाठीत जरा वाजते," काका खरं बोलून गेले.

पुढच्या रविवारी संगीतबाईंनी भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली की असा अध्यक्ष शोधून सापडायचा नाही. आणि कोटाला आतून नवं अस्तर लावून आणून दिलं. गरिबासाठी.

महाराणीला मात्र अशा थापा पचत नसत. ही बाई कोण, कुठली, कोणाला ठाऊक नव्हतं. डेपोच्या शेवटच्या बाकावर तिचा मुक्काम. ताठ मान, डोक्याला रुमाल, आणि दिलेली वस्तू नाकारण्यात हातखंडा, म्हणून ते नाव. समितीने तिला एकदा पिवळी चादर दिली. "हा रंग मला जात नाही," म्हणून तिने परत पाठवली. समितीच्या कामकाजात यावर सबंध एक बैठक खर्ची पडली.

डेपोच्या सार्वजनिक नळावर तिने काकांना एकदा दाढी करताना पकडलं.

"भाचीकडे पाणी येत नाही वाटतं?"

"आज जरा कमी दाबाने..."

"काल पण कमी दाबाने होतं. परवा पण." तिने आपली बादली नळाखाली सरकवली. "घाबरू नका, अध्यक्षमहाराज. मी कोणाला सांगत नाही. सांगू कोणाला? तुमची माणसं मला विचारतात, 'चादर हवी का?' तुझं काय चाललंय, असं विचारलंय का कोणी कधी?"

"मी विचारतो की आता."

"आता विचारता. नळावर आलात म्हणून."

काकांनी गालावरचा साबण पुसला. एक गाल राहूनच गेला. त्या दिवशी चष्मेवाल्याच्या गिऱ्हाइकांनी ते बघितलं आणि नवी फॅशन म्हणून सोडून दिलं.

तर अशातच आले नवे पाळकसाहेब. तरुण, किडकिडीत, आणि अंगात इतका उत्साह की प्रार्थनेला डोळे मिटले तरी पाय हलायचे. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्याकडे बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. आजवर हे बारा म्हणजे मंडळीतले बारा वडीलधारे. आठवडाभर आधीपासून टाचा घासून, नखं कापून, नवेकोरे मोजे घालून यायचे. पाळक पाण्याचे दोन थेंब लावायचे आणि सगळे भारावून घरी जेवायला जायचे.

पाळकसाहेबांनी समितीची बैठक बोलावली. "ज्यांचे पाय आधीच धुतलेत ते पुन्हा कशाला धुवायचे? आपल्या गावात लोक रस्त्यावर झोपतात. मला आधी सांगा, कोणाच्या घरी एखादी खोली रिकामी आहे? चार महिने एखाद्याला देता येईल अशी?"

बैठकीत अशी शांतता पसरली की काकांच्या खिशातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

संगीतबाई म्हणाल्या, "खोली आहे हो, पण तिथे पियानो आहे. परक्या माणसासमोर तो लगेच बेसूर होतो."

चष्मेवाला म्हणाला, "आमच्याकडे रंगकाम काढलंय." कधी काढलं ते नाही सांगितलं. ते काम त्याच्या लग्नापासून चालू होतं.

एकाकडे पाहुणे येणार होते, एकाच्या मुलाची परीक्षा होती. मुलगा दुसरीत होता. बेकरीवाला, जो काकांचा जन्माचा दोस्त आणि तितकाच जन्माचा वैरी, खाली मान घालून पुटपुटला, "वरची खोली आहे. पण ती तिची होती." बायको जाऊन बरीच वर्षं झाली तरी त्याने ती खोली उघडली नव्हती.

"आणि पाळकसाहेब," कोणीतरी मागून हळूच विचारलं, "तुमच्या बंगल्यातली?"

"ती बिशपसाहेबांसाठी राखीव असते," पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले.

"येतात का बिशपसाहेब?"

"येऊ शकतात."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. अध्यक्ष या नात्याने समारोप काकांनीच करायचा होता. ते उठले, तोंड उघडलं, आणि क्षणभर वाटलं की सांगून मोकळं व्हावं. पण समोर सगळे इतक्या विश्वासाने बघत होते की त्यांच्या तोंडून निघालं, "मग... निदान पाय तरी धुऊ."

ठराव एकमताने मंजूर झाला.

आता बारा बेघर शोधायचे. रस्त्यावर रोज दिसणारी माणसं शोधायला गेलं की कुठे जातात कोण जाणे. घड्याळकाका आणि बेकरीवाला दोघं मिळून निघाले. बेकरीवाल्याला पहिलाच माणूस फुटपाथवर बसलेला सापडला: दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, गुडघ्यात डोकं.

"दादा, आम्ही तुमचे पाय धुऊ का?" बेकरीवाल्याने प्रेमाने विचारलं.

तो नगरपालिकेचा रस्ते-अभियंता निघाला. गटार बघायला आला होता आणि दमून बसला होता. त्याने दोघांची नावं विचारून घेतली.

दुसरा, फाटका स्वेटर घातलेला म्हातारा, सरळ हो म्हणाला, चर्चपर्यंत आलासुद्धा. तेव्हा मागून मोटारीतून त्याचा मुलगा उतरला. गावातल्या सगळ्यात मोठ्या लाकूड-वखारीचा मालक. "बाबा, पुन्हा?" म्हणाला. म्हाताऱ्याला म्हणे घरात कोणी बोलायला नसायचं, म्हणून तो जो हाक मारील त्याच्याबरोबर जायचा.

"तुझं आपलं बरं आहे," परतताना बेकरीवाला काकांना म्हणाला. "भाचीकडे घर भरलेलं. मला बघ, घरी गेलं की भिंतींशी भांडावं लागतं."

"हं."

"हं काय? मजेत आहेस ना?"

"मजेत."

"मग झालं तर," बेकरीवाला म्हणाला आणि पावाच्या पिठाचे भाव या विषयाकडे वळला. काका त्याच्याबरोबर बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून भाचीच्या घराच्या दिशेला वळले, आणि बेकरीवाला आत गेल्याची खात्री करून गल्लीला वळसा घालून चर्चकडे परत आले. हे रोजचं होतं. त्यामुळे तब्येत चांगली राहिली होती.

शेवटी बारा जमवले ते महाराणीने. तिने डेपोत बसल्या जागेवरून चार हाका मारल्या आणि माणसं गोळा झाली. "समिती कशाला हवी तुम्हाला?" तिने काकांना विचारलं. "चहा घेता का?"

गुरुवार उजाडला. संध्याकाळची उपासना. वेदीपुढे बारा खुर्च्या, प्रत्येकीवर पांढरा टॉवेल. आणि इथे संगीतबाईंनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोळ घातला. त्यांच्या मनात आलं, पाळकसाहेब नवखे, नाजूक. एकदम रस्त्यावरचे पाय बघून कसं होईल? शिवाय पाय धुवायचं तसराळं चांदीचं, मंडळीच्या शंभर वर्षांच्या वस्तूंपैकी. म्हणून त्यांनी गायनमंडळाच्या चार बायकांना घेऊन मागच्या अंगणात टब मांडले. गरम पाणी, साबण, ब्रश, जंतुनाशक. आलेल्या प्रत्येकाचे पाय खसाखसा घासून, पुसून, वर पावडर.

"हे काय चाललंय?" महाराणीने विचारलं.

"आत पाय धुवायचेत ना, म्हणून धुतोय," संगीतबाई ब्रश चालवत म्हणाल्या.

"आत धुणार म्हणून बाहेर धुताय?"

"हो."

"मग आत काय करणार?"

संगीतबाई थांबल्या. हा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता. पण तेवढ्यात महाराणीच्या टाचेला पडलेली भेग त्यांना दिसली. खोल, लालबुंद. "दुखतं का हो फार?" त्यांनी विचारलं. "पावसात बरं असतं, टाच मऊ राहते," महाराणी म्हणाली. "मला पण होतं असं," संगीतबाई म्हणाल्या, "मी मेण लावते. थांबा, पर्समध्ये आहे." आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं खरं पाय धुणं तिथेच, अंगणात, चुकून होऊन गेलं.

आत मोजले, तर अकरा.

"बारावा कुठाय?" पाळकसाहेबांचा आवाज चिरकला.

"हमाल?" महाराणी म्हणाली. "त्याला काम मिळालं. ट्रक आला, गेला."

"आजच मिळायचं होतं?" चष्मेवाला कळवळला. "आपण इतकी तयारी केली आणि ह्या माणसाला काम मिळालं! काही लाज?"

"अकरावर चालणार नाही," पाळकसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "अकरा म्हटलं की लोकांना दगा देऊन गेलेला यहूदाच आठवतो. काका, तुम्ही अध्यक्ष. कोणीतरी शोधा. एक बेघर माणूस. एकच! पाच मिनिटांत!"

काका हातात टॉवेल घेऊन उभे होते. बाहेर घंटा सुरू झाली. मंडळी येऊन बसायला लागली. काकांनी दाराकडे बघितलं, मग खुर्चीकडे. अकरा माणसं पांढऱ्या शुभ्र पायांनी बसली होती आणि त्यांच्यापैकी कोणीही लपत नव्हतं. महाराणी काकांकडे बघत होती. तिने डोळा मारला नाही, खूण केली नाही. नुसती बघत होती.

काका गेले, बाराव्या खुर्चीवर बसले, आणि बूट सोडायला लागले.

सबंध चर्चमधून "अहाहा" असा आवाज निघाला.

"काय ही नम्रता!" चष्मेवाला म्हणाला.

"मी नम्रता नाही करत," काका म्हणाले. "मला घर नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. ते वेदीपुढे आले आणि दोन्ही हात पसरले. "ऐकलंत? 'मला घर नाही!' बंधुभगिनींनो, या पृथ्वीवर आपल्यापैकी कोणाला घर आहे? आपण सगळेच वाटसरू..."

"तसं नाही हो," काका म्हणाले.

"वाटसरू! आणि आपलं खरं घर तिथे, वर..."

"पाळकसाहेब, माझं घर पाडलं!"

"पाडलं!" पाळकसाहेब गहिवरले. "अहंकाराचं घर पाडलं पाहिजे..."

मागच्या बाकांवर रुमाल निघाले. काकांनी एक बूट हातात घेतला आणि दाणकन जमिनीवर आपटला. इतक्या वर्षांत या माणसाने चर्चमध्ये खोकल्याचासुद्धा आवाज केला नव्हता.

"मी भाचीकडे राहत नाही. मी इथे राहतो. मागे, सामानखोलीत. गरिबांच्या कपड्यांवर झोपतो. डेपोच्या नळावर दाढी करतो. मला झोपायला जागा नाही. आता कळलं का, का अजून सोपं करून सांगू?"

तरी कोणाला पटेना. अध्यक्षच आहेत ते, उदाहरण देत असतील. तेव्हा संगीतबाई उठल्या. "काका, आमच्या ह्यांचा कोट..."

"उशाशी असतो, बाई. अस्तराबद्दल तेव्हाच आभार मानायचे होते. जमलं नाही."

संगीतबाई मटकन खाली बसल्या, आणि मग सगळ्यांना पटलं.

बेकरीवाला बाकांमधून वाट काढत पुढे आला. त्याचं तोंड रागाने भट्टीसारखं झालं होतं. "गाढवा! मी रोज तुला विचारत होतो. रोज! कसा आहेस म्हणून!"

"आणि मी मजेत म्हटलं की तू पिठाचा भाव सांगायचास."

"मग तू थांबवायचंस ना मला!"

"तुला कोणी थांबवलंय आजवर?"

बेकरीवाल्याने पाळकसाहेबांपुढचं चांदीचं तसराळं ओढून घेतलं. गुडघ्यावर बसला. त्याला गुडघ्याचा त्रास, त्यामुळे बसताना त्याने जे शब्द वापरले ते चर्चमध्ये वापरत नाहीत. आणि तो काकांचे पाय धुवायला लागला. हे पाय काही कोणी आधी घासलेले नव्हते. दिवसभर चालून, गल्ल्यांना वळसे घालून आलेले पाय. पाणी काळं झालं. पीठ मळणाऱ्या हातांना दुसरी रीतच माहीत नव्हती, त्यामुळे त्याने ते पाय चांगले मळून काढले.

"हळू रे. पाव नाहीये."

"गप बस. नखं कापत जा."

आणि मग गावाला चेव चढला. आपल्यातला माणूस, अध्यक्ष, आणि बेघर! चष्मेवाला उभा राहिला. "काका, आमच्याकडे चला! एक खोली अशीच पडून आहे!"

"रंगकाम?" त्याच्या बायकोने विचारलं.

"झालं, आत्ताच झालं!"

"पियानो मी हॉलमध्ये घेते," संगीतबाई म्हणाल्या. "पाहुणे काय, पुढच्या वर्षी येतील!" दुसरा ओरडला. दुसरीतल्या मुलाची परीक्षा रद्द झाली. पाळकसाहेबांनाही राहवेना, ते म्हणाले, "बिशपसाहेबांची खोली, काका! नवी गादी आहे!" हात वर होत होते. लिलावात बोली लागावी तशा खोल्या निघत होत्या. ज्या गावात त्या बैठकीत उभं राहायला जागा नव्हती, तिथे आता एका माणसाला दहा-बारा खोल्या झाल्या.

काका सगळीकडे बघत होते. डोळे भरून आले होते. खरं तर त्यांना तेवढंच पुरे होतं. इतके दिवस ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. उलट गादी मिळत होती. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरून हळू आवाज आला.

"अभिनंदन," महाराणी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणाही नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आमचे पण पाय धुतलेत बरं का. ब्रशने."

काका उठून उभे राहिले. दोन्ही पाय ओले, बूट हातात.

"मंडळी," ते म्हणाले, "मी एका वेळी एकाच खोलीत झोपतो."

सगळे प्रेमाने हसले.

"मग बाकीच्या खोल्यांचं काय?"

हसणं हळूहळू थांबलं. हात वर होते ते तसेच राहिले, कारण खाली घ्यायचे कसे ते कोणाला कळेना. देवाच्या घरात, वेदीपुढे, सगळ्यांच्या देखत खोली आहे म्हणून सांगितलेलं. आता अकरा स्वच्छ माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"मला ह्यांची नावं माहीत आहेत," काका म्हणाले. "नळावर ओळख झाली. ओळख करून देतो." आणि त्यांनी एकेकाला हात धरून त्या त्या बाकापर्यंत नेलं. "हा शेकोटी. थंडीत लाकडं हाच गोळा करतो. गाणं वाईट म्हणतो, पण मनापासून. बाई, तुमच्याकडे पियानो आहे."

"बेसूर झाला तर?" संगीतबाई म्हणाल्या.

"मग दोघं जमतील," काका म्हणाले.

सगळं गोडच झालं असं समजू नका. चष्मेवाल्याने ज्याला नेलं तो चार दिवसांनी निघून गेला. म्हणाला, तिथे फार विचारपूस करतात. दोघांना खोली नकोच होती, त्यांना फक्त रोज एका वेळी कोणाबरोबर तरी जेवायचं होतं. त्यातल्या एकाला लाकूड-वखारवाल्याने नेलं. त्याचा म्हातारा बाप आता दिवसभर गप्पा मारतो आणि फाटक्या स्वेटरमध्ये घराबाहेर पडत नाही. शेकोटी आणि संगीतबाई यांचं रोज वाजतं. पण परवा गायनमंडळात एक जाड आवाज जास्त होता, आणि बाई त्याच्याकडे अशा रागाने बघत होत्या की तो घरचाच असणार.

महाराणी बिशपसाहेबांच्या खोलीत गेली. काकांनी तिची पिशवी धरली होती. तिने दारातून आत बघितलं. पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस, खिडकीला तपकिरी पडदे.

"पडदे बदलावे लागतील," ती म्हणाली.

"हे बिशपसाहेबांच्या पसंतीचे आहेत," पाळकसाहेब चाचरत म्हणाले.

"मग त्यांना द्या." तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा आता. बूट काढा."

"मी? का?"

"तुम्हीच सांगितलंत ना, प्रभू म्हणाला एकमेकांचे धुवा? हे तर एकाच बाजूने चाललंय."

पाळकसाहेबांनी घाबरून काकांकडे पाहिलं. काकांनी मनगट कानाला लावलं, म्हणजे उशीर करू नका. पाळकसाहेब बसले. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. "बघा," महाराणी समाधानाने म्हणाली, "माणूस आहे."

आणि काका बेकरीवाल्याकडे गेले. दुसरीकडे गेले असते तर बेकरीवाल्याने जन्मभर बोलून दाखवलं असतं, त्यापेक्षा हे बरं. बेकरीवाल्याने वरच्या खोलीचं कुलूप काढलं तेव्हा किल्ली फिरेना, गंजलेली. दोघांनी मिळून दाराला खांदा दिला. आत बायकोची शिवणाची मशीन, कपाट, पलंग, आणि वर्षानुवर्षांची धूळ. बेकरीवाला उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मी मशीन बाजूला ठेवू का?" काकांनी विचारलं.

"नको. म्हणजे... ठेव. तिला पण तिथे आवडायचं नाही. उजेड येत नाही म्हणायची."

दोघांनी मशीन खिडकीशी नेली. काकांनी खिडकी सताड उघडली.

"बंद कर ती," बेकरीवाला म्हणाला.

"अरे, धूळ बघ किती आहे. वारा येऊ दे."

"डास येतात."

"सामानखोलीला खिडकीच नव्हती. किती महिने मी..."

"डास येतात म्हणतो ना! बंद कर. माझं घर आहे!"

शब्द निघाला, आणि बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. खालून भट्टीचा ऊबदार वास वर येत होता. काकांचा हात खिडकीच्या कडीवर होता. एका पायात चप्पल, पिशवी अजून पलंगावर, न सोडलेली. बेकरीवाल्याला ती पिशवी दिसली, उचलली की चालता येईल अशी.

काकांनी थोडा विचार केला. मग त्यांनी दुसरी चप्पल काढली, पिशवीतला सदरा काढून खुंटीला अडकवला, आणि पलंगावर आरामात मांडी घालून बसले.

"तुझं घर आहे ना?" ते म्हणाले. "मग डास तू मार."

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. मग पायातला जोडा काढला आणि भिंतीकडे वळला.